फायनलवर आलो, पण ग्लाइडपाथ येत नाही: हेलिकॉप्टरच्या एफएमएसवर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

जुलैतली दुपार. समुद्रावरून परत येत होतो. खाली पाऊस, वर ढग, काचेवर वायपर पूर्ण वेगात. रडार कंट्रोलरने वळणं देत देत आम्हाला आरएनपी ॲप्रोचच्या, म्हणजे उपग्रहांच्या आधारे धावपट्टीकडे उतरण्याच्या मार्गाच्या, फायनलकडे (शेवटच्या सरळ टप्प्याकडे) आणलं होतं. मार्ग दाखवत होता एफएमएस, म्हणजे हेलिकॉप्टरचा नेव्हिगेशन संगणक. फायनल ॲप्रोच फिक्स, म्हणजे आपण सगळे ज्याला फॅफ म्हणतो तो, शेवटची उतरण जिथे सुरू होते तो बिंदू, दीड मैलावर आला तेव्हा को-पायलट म्हणाला, "सर, ग्लाइडपाथ अजून आला नाही." ग्लाइडपाथ म्हणजे उतरणीची रेघ, तीच दिसत नव्हती. मी ऑटोपायलटचं ॲप्रोचचं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. एचएसआयच्या, म्हणजे दिशा आणि सुईने मार्गापासूनचं अंतर दाखवणाऱ्या पटलाच्या, कोपऱ्यात ‘टर्म’ (टर्मिनल) हीच अक्षरं होती, ती बदलेनात. फॅफ मागे पडला आणि आम्ही १,७०० फुटांवर तसेच सरळ पुढे. मी गो-अराउंड घेतला, म्हणजे उतरणं सोडून वर गेलो.

दुसऱ्या फेरीत तोच एफएमएस, तोच ॲप्रोच, आणि सगळं बिनबोभाट झालं. खाली आल्यावर मी टेक्निकल लॉगमध्ये लिहिलं, "ग्लाइडपाथ कॅप्चर होत नाही." इंजिनिअरने दोन तास संच तपासला आणि शेरा मारला, "नो फॉल्ट फाउंड." तो बरोबर होता. चूक माझी होती, पण त्या दिवशी ती मला दिसली नाही. पुढे सिम्युलेटरवर शिकवायला लागल्यावर हाच प्रसंग इतक्या जणांच्या हातून घडताना पाहिला की तो एकदा सविस्तर लिहून काढावा असं वाटलं.

आधी लेग बघा

ग्लाइडपाथ आला नाही की आपला हात पहिल्यांदा ऑटोपायलटच्या बटणांकडे जातो. तो तिथे जाऊ देऊ नका. आधी फ्लाइट प्लॅनचं पान उघडा आणि गुलाबी रंगात, म्हणजे ॲक्टिव्ह, कुठला लेग (मार्गाचा दोन बिंदूंमधला तुकडा) आहे ते बघा. दहापैकी सात-आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं, हा माझा अनुभव आहे.

त्या दिवशी काय झालं होतं? कंट्रोलरने सुरुवातीला फॅफकडे सरळ जायला सांगितलं, म्हणून आम्ही ‘डायरेक्ट टू’ फॅफ केलं. एफएमएसने आम्ही जिथे होतो तिथून फॅफपर्यंत एक रेघ ओढली. मग ट्रॅफिकमुळे कंट्रोलरने हेडिंग (नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते) दिली, एक, दुसरी, तिसरी. आम्ही हेडिंग मोडवर उडत राहिलो. ती जुनी रेघ मात्र एफएमएसमध्ये तशीच जिवंत होती. शेवटी "क्लिअर्ड फॉर द ॲप्रोच" मिळाल्यावर आम्ही ऑटोपायलटचा ॲप्रोच मोड लावला तो त्या जुन्या रेघेवर. सुई जे अंतर दाखवत होती ते फायनल कोर्सपासूनचं नव्हतं, दहा मिनिटांपूर्वीच्या एका तिरप्या रेघेपासूनचं होतं.

एफएमएस ‘टर्मिनल’मधून ‘ॲप्रोच’ मोडमध्ये जाण्यापूर्वी काही गोष्टी तपासून बघतो. संचागणिक तपशील बदलतो, पण बहुतेक ठिकाणी अटी अशाच असतात: ॲप्रोच डेटाबेसमधून लोड करून ॲक्टिव्हेट केलेला हवा; ॲक्टिव्ह लेग फॅफकडे नेणारा किंवा फायनलचाच हवा; फॅफ दोन मैलांच्या आत हवा; आणि तुम्ही ज्या दिशेने फॅफकडे निघालात ती फायनलच्या दिशेपासून फार तिरकी नको. बऱ्याच संचांत ही मर्यादा ४५ अंशांची आहे. आमची रेघ त्याहून तिरकी होती. एफएमएसने ॲप्रोच मोडमध्ये जायला नकार दिला, आणि तो योग्यच होता. सुई पूर्ण बाजूला गेली की टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ एक मैल असतो, ॲप्रोचमध्ये ०.३ मैल. चुकीच्या रेघेवर ही सूक्ष्मता तुम्हाला द्यायला त्याची तयारी नव्हती.

यावरचा उपाय एका कळीचा आहे. हेडिंग मिळाली आणि पुढे फायनल इंटरसेप्ट करायची आहे हे कळलं की फायनलचा लेग ॲक्टिव्ह करा. कुठल्या संचात त्याला ‘ॲक्टिव्हेट लेग’ म्हणतात, कुठे ‘व्हेक्टर्स टू फायनल’, कुठे ‘इंटरसेप्ट’. काम एकच: फॅफच्या मागे लांबवर फायनल कोर्सची रेघ ओढली जाते आणि सुई त्या रेघेपासूनचं अंतर दाखवू लागते. ‘व्हेक्टर्स टू फायनल’ची एक खोड लक्षात ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते दाबलं की फॅफच्या आधीचे वेपॉइंट (मार्गावरचे ठरलेले बिंदू) यादीतून पुसले जातात. मग कंट्रोलर म्हणाला, "आता इंटरमीडिएट फिक्सकडे डायरेक्ट जा," की तो फिक्स यादीत नसतो आणि भर फायनलवर डोकं खाली घालून ॲप्रोच पुन्हा लोड करावा लागतो. म्हणून मी शिकवताना ‘ॲक्टिव्हेट लेग’कडे जास्त झुकतो, त्यात वेपॉइंट शाबूत राहतात.

लेग बरोबर, तरी सुई जागची हलत नाही

ही खास हेलिकॉप्टरची अडचण आहे आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. कंट्रोलर दिवसभर जेट विमानांना वळवत असतो. तो सवयीने फायनलला ३० अंशांचा कोन देतो. विमानाला तो पुरतो. आपल्याला पुरतोच असं नाही.

आकडे घालून बघू. फायनल कोर्स २७० आहे, तुम्ही त्याच्या उत्तरेला आहात, आणि कंट्रोलरने हेडिंग २४० दिली. वारा दक्षिणेकडून ३५ नॉट. तुमचा वेग ७० नॉट. या हेडिंगवर तुम्ही दक्षिणेकडे ३५ नॉटने सरकायला हवं, पण वारा तुम्हाला तितक्याच वेगाने उत्तरेकडे ढकलतो. म्हणजे जमिनीवरचा ट्रॅक बरोब्बर २७०, फायनलला समांतर! तुम्ही ६० नॉटने पुढे जात राहता आणि सुई जिथे होती तिथेच राहते. ऑटोपायलटवर ‘आर्म’ (तयार) दिसतं, ‘कॅप्चर’ (कोर्स पकडला) कधीच होत नाही. याच वाऱ्यात १४० नॉटचं विमान १६ अंशांनी फायनलकडे जात राहील आणि त्याच्या पायलटला काही जाणवणारही नाही.

उपाय साधा आहे: हेडिंगकडे बघू नका, ट्रॅकच्या रेघेकडे बघा. नकाशावर तुमचा ट्रॅक फायनलच्या रेघेला छेदतोय का? छेदत नसेल तर कंट्रोलरला लगेच सांगा, "आणखी २० अंश डावीकडे लागतील." कोणी नाही म्हणत नाही. किंवा तिथपर्यंत १२० नॉट वेग ठेवा आणि इंटरसेप्ट झाल्यावर कमी करा. मी स्वतः दुसरा मार्ग पसंत करतो, पण वेग कमी करायची जागा आधीच ठरवून ठेवतो. वेपॉइंटवर ऐन वळणात वेग कमी केला तर एफएमएसने वळणाचं जे गणित आधी केलं होतं ते बिघडतं. १४० नॉटला स्टँडर्ड रेट (सेकंदाला तीन अंश) वळणासाठी सुमारे २१ अंश बँक (बाजूचा कल) लागतो आणि वळणाची त्रिज्या पाऊण मैलाच्या जवळ जाते; ७० नॉटला ११ अंश पुरतात आणि त्रिज्या निम्मी होते. मध्येच वेग बदलला की हेलिकॉप्टर कोर्स ओलांडतं, परत येतं, पुन्हा ओलांडतं, आणि मागे बसलेल्यांना वाटतं पायलटचं मन स्थिर नाही.

‘टर्म’ गेलं, पण ‘एलपीव्ही’ऐवजी ‘एलनॅव्ह’ आलं

एलपीव्हीमध्ये आडवं आणि उभं दोन्ही अचूक मार्गदर्शन मिळतं, एलनॅव्हमध्ये फक्त आडवं. इथे संच तुम्हाला काहीतरी सांगत असतो, म्हणून घाईने बटणं दाबू नका, वाचा.

एलपीव्हीसाठी उपग्रहाची दुरुस्ती लागते. आपल्याकडे ती गगन ही भारताची यंत्रणा देते. गगनला डिसेंबर २०१३ मध्ये मार्गावरच्या नेव्हिगेशनसाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनाच्या ॲप्रोचसाठी मान्यता मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोच्या एटीआर विमानाने गगनवर एलपीव्ही ॲप्रोच केला. हेलिकॉप्टरवाल्यांसाठी जवळची गोष्ट म्हणजे जून २०२३ मध्ये पवन हंसने गगनच्या आधारे जुहू ते पुणे असं प्रात्यक्षिक उड्डाण केलं. सह्याद्री ओलांडून ढगांतून पुण्याला जायचं म्हणजे काय हे ज्याने पावसाळ्यात एकदा केलंय त्याला या उड्डाणाचं मोल सांगावं लागत नाही.

तर एलपीव्ही का आलं नाही? पहिलं कारण इतकं साधं आहे की कोणी तिकडे बघतच नाही. अनेक संचांत कुठल्या उपग्रह यंत्रणा वापरायच्या त्याचं एक पान असतं: अमेरिकेची वास, युरोपची एगनॉस, जपानची एमसास, आपली गगन. हेलिकॉप्टर परदेशातून आलेलं असलं किंवा संच दुरुस्तीहून परतला असला की गगनसमोरची खूण काढलेली सापडू शकते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गगन यादीतच नसतं. जमिनीवर उभे असताना उपग्रहांचं पान उघडा आणि १२७ किंवा १२८ क्रमांकाचा उपग्रह दिसतो का बघा. हे गगनचे आहेत, जीसॅट-८ आणि जीसॅट-१० वरचे. मुंबईहून ते आकाशात चांगले उंचावर असतात, त्यामुळे डोंगराआड गेले असं सहसा होत नाही.

दुसरं कारण आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ज्यातून उपग्रहाचा सिग्नल येतो. भारत विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि सूर्यास्तानंतरच्या काही तासांत आपल्या डोक्यावरचा हा थर फार अस्वस्थ असतो. त्या वेळी संचाने काढलेली संभाव्य चूक, म्हणजे जागा जास्तीत जास्त किती चुकू शकते तो अंदाज, वाढते. एलपीव्हीसाठी ती आडव्या दिशेत ४० मीटर आणि उभ्या दिशेत ५० मीटरच्या आत लागते. ती ओलांडली की संच स्वतःहून एलनॅव्हवर उतरतो, कारण तिथे ५५६ मीटरपर्यंत चालतं. काही संच ही तपासणी फॅफच्या साधारण एक मिनिट आधी करतात. १४० नॉटच्या विमानाला ती सूचना फॅफच्या सव्वादोन मैल आधी मिळते. आपल्याला ६० नॉटवर जेमतेम एक मैल आधी. म्हणून ब्रीफिंगमध्येच दोन्ही मिनिमा (किती खालपर्यंत उतरता येतं त्या उंच्या) वाचून ठेवायचे. "एलपीव्ही गेलं तर एलनॅव्ह, अमुक फूट, उतरण आपण स्वतः धरायची," हे वाक्य मोठ्याने म्हणायचं. त्या एका मैलात प्लेटवर (ॲप्रोचच्या नकाशावर) बारीक अक्षर शोधत बसायला वेळ नसतो.

अमृतसर-जम्मूच्या बाजूला उडत असाल तर जीपीएस सिग्नलमध्ये ढवळाढवळ होते हेही ध्यानात ठेवा. घड्याळाची वेळ उडी मारते, जागा अचानक सरकते, नसलेल्या डोंगराची चेतावणी येते. अशा वेळी एफएमएस दुरुस्त करत बसू नका. आयएलएस (विमानतळावरच्या रेडिओ सिग्नलवर चालणारा ॲप्रोच) असेल तर आयएलएस घ्या.

आणि आयएलएस घेतलं की सुईचा सोर्स बदला! एचएसआयवर एफएमएसच राहिला आणि लोकलायझर (आयएलएसचा दिशा दाखवणारा सिग्नल) ट्यून करून सगळे सुईची वाट बघत बसले, हेही मी पाहिलंय. सुईचा रंग मोठ्याने म्हणायची सवय लावा. बऱ्याच कॉकपिटांत एफएमएसची सुई गुलाबी असते, रेडिओची हिरवी. को-पायलटने "ग्रीन नीडल्स" म्हटलं नाही तर मी ॲप्रोचचं बटण दाबत नाही.

ग्लाइडपाथ आला, पण चुकीच्या जागी

ही अडचण सगळ्यात वाईट, कारण काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही.

एलनॅव्ह-व्हीनॅव्ह (उभ्या मार्गदर्शनासह एलनॅव्ह) ॲप्रोचमध्ये उभी रेघ बॅरोमीटरवरून काढलेली असते. क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) चुकला की अख्खी रेघ वर किंवा खाली सरकते, आणि ती दाखवणारा डायमंड मात्र मधोमध दिसत राहतो. पावसाळ्यात आपल्याकडे क्यूएनएच १००२ वगैरे असतो. चुकून १०१३ राहिला तर तुम्ही प्रत्यक्षात सुमारे ३०० फूट खाली असता. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नेमकं हेच झालं. १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला, ए-३२० विमान त्या सरकलेल्या रेघेवरून व्यवस्थित खाली आलं, आणि गो-अराउंड करताना रेडिओ अल्टिमीटरवर (खालच्या जमिनीपासूनची खरी उंची मोजणाऱ्या यंत्रावर) सर्वांत कमी उंची नोंदली गेली ६ फूट. धावपट्टीच्या अलीकडे.

आपल्याकडे रेडिओ अल्टिमीटर असतोच. फॅफवर उंची जुळवा, आणि जमीन सपाट असेल किंवा खाली समुद्र असेल तर ५०० फुटांवर बॅरो उंची (त्यातून जमिनीची उंची वजा करून) आणि रेडिओ उंची शेजारी ठेवून बघा. दोघांत २०० फुटांचा फरक दिसला तर कारण शोधायला थांबू नका, वर जा.

मार्ग एफएमएस धरतो, वेग कोण धरतो?

थोडं विषयाबाहेर जातोय, पण हे सोडून पुढे जाववत नाही. २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंडमधल्या सम्बर्गला सुपर प्युमा हेलिकॉप्टर ॲप्रोच करताना समुद्रात पडलं. अठरा जण होते, चार गेले. ऑटोपायलट व्हर्टिकल स्पीड धरून होता, वेग धरायची जबाबदारी पायलटच्या कलेक्टिव्हवर (पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) होती, आणि वेग हळूहळू उतरत गेला.

तीन अक्षांवर कपल केलेल्या हेलिकॉप्टरमध्ये ऑटोपायलट नाक वर-खाली करून उतरण सांभाळतो. पॉवर कमी असेल तर तो नाक उचलत जातो आणि वेग खातो. ग्लाइडपाथ मिळाल्याच्या समाधानात नेमकं हेच सुटतं. तीन अंशांच्या उतरणीला ७० नॉट ग्राउंडस्पीडवर मिनिटाला ३७० फूट लागतात. समोरून ३० नॉट वारा असेल तर २१० च्या आसपास. त्यासाठी लागणारा टॉर्क (इंजिनाचा जोर) आपल्या हेलिकॉप्टरवर किती, तो आकडा तोंडपाठ हवा. इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा किमान वेग आपल्या बऱ्याच हेलिकॉप्टरांत ५०-६० नॉटच्या घरात असतो. पॉइंट-इन-स्पेस (हवेतल्या एका बिंदूपर्यंत नेणाऱ्या, हेलिकॉप्टरसाठीच्या) ॲप्रोचच्या फायनलला सहसा ७० नॉटची कमाल मर्यादा असते. मधली जागा दहा-वीस नॉटची. तेवढीच.

दोन छोट्या गोष्टी, पण नेहमीच्या

अंतर कमी होत होतं ते अचानक वाढायला लागलं आणि पुढचा वेपॉइंट आलाच नाही? ‘सस्पेंड’ बघा. होल्डमध्ये (एकाच जागी घिरट्या घालताना) किंवा मिस्ड ॲप्रोच पॉइंटवर (धावपट्टी दिसली नाही तर जिथून वर जायचं तिथे) एफएमएस मुद्दाम थांबतो, तुमच्या परवानगीची वाट बघतो. मिस्ड ॲप्रोचला आधी पॉवर, नाक, वेग; मग सस्पेंड काढा. काही संचांत गो-अराउंडचं बटण हे काम करतं, काहींत नाही. आपल्यात काय होतं ते फ्लाइट मॅन्युअलच्या सप्लिमेंटमध्ये वाचून ठेवा.

समुद्रातल्या तेलाच्या रिगवर जाणाऱ्यांनी हे वेगळं लक्षात ठेवावं: हाताने टाकलेल्या वेपॉइंटवर बहुतेक एफएमएस ॲप्रोच मोड देत नाहीत, कितीही बटणं दाबा. जॅक-अप रिग जागा बदलतात, त्यामुळे मागच्या महिन्यातला वेपॉइंट आज रिकाम्या समुद्रात असू शकतो. आणि अक्षांश टाकताना सेकंद आणि दशांश यांची गल्लत करू नका. कागदावर १९ अंश २५ मिनिटं ३० सेकंद आहे आणि संच मिनिटांचे दशांश मागतो, तर २५.५० टाकायचं. २५.३० टाकलंत तर ३७० मीटर चुकलात. हेलिकॉप्टरच्या रडारवर रिगकडे ॲप्रोच करताना पाऊण मैलावर निर्णय घ्यायचा असतो, तिथे ३७० मीटर फार झाले.

लॉगमध्ये काय लिहायचं

एवढं सगळं बघूनही अडचण राहिली तर ती खरी बिघाडाची असू शकते. मग इंजिनिअरला हातात धरता येईल असं काही द्या. माझ्या त्या जुलैच्या नोंदीने त्याचे दोन तास वाया घालवले. आज मी ती अशी लिहीन: "आरएनपी ॲप्रोच, रनवे २७. यूटीसी ०९४२. फॅफच्या १.५ मैल आधी. ॲक्टिव्ह लेग: डायरेक्ट टू फॅफ. मोड: टर्म. सोर्स: एफएमएस-१. ऑटोपायलट: ॲप्रोच आर्म, कॅप्चर नाही. एसबास (गगन) उपग्रह १२८ दिसत होता. संदेश काही नाही. डेटाबेस चालू आवृत्तीचा. दुसऱ्या ॲप्रोचला फायनल लेग ॲक्टिव्ह केल्यावर अडचण नाही." शक्य असेल तर को-पायलटला स्क्रीनचा फोटो काढायला सांगा, पण जमिनीवर आल्यावर, फ्लाइट प्लॅनचं पान पुसायच्या आधी.